दोन सूर्यांखालची शेती

'स्टार वॉर्स' मला आवडत नाही असं म्हटलं, की समोरचा माणूस लगेच मला एका गटात टाकून मोकळा होतो. विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ असं मानणारा असेल तर त्याला वाटतं, चला, उशिरा का होईना याला अक्कल आली. त्या चित्रपटांचा भक्त असेल तर तो मला चुका काढणाऱ्यांच्या रांगेत बसवतो. पोकळीत आवाज जात नाही तरी यांची यानं धडाडधूम फुटतात. पार्सेक हे अंतराचं एकक, पण हान सोलो ते वेळेचं असल्यासारखं फुशारकीत वापरतो, वगैरे. दोघांचेही अंदाज चुकतात. मी विज्ञानकथा शाळेपासून वाचत आलो, अजून वाचतो, आणि अवकाशातल्या या गाजलेल्या मालिकांवरचा माझा राग त्या वाचनातूनच आलेला आहे.

चुका मला चालतात. 'स्टार वॉर्स'मधला 'डेथ स्टार' नावाचा गोळा एका किरणाने आख्खा ग्रह फोडतो. पृथ्वीएवढा ग्रह असा उधळायचा तर सूर्य जवळजवळ आठवडाभरात जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो तेवढी लागेल. ती त्या गोळ्यात कुठून आली? असू दे. वेल्सचं कालयंत्र कसं चालतं हे वेल्सलाही ठाऊक नव्हतं. जयंत नारळीकरांच्या कथेतल्या गंगाधरपंतांना ट्रकची धडक बसते आणि ते मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या दुसऱ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. त्यामागे पुंजभौतिकीचं जे स्पष्टीकरण येतं ते मला नेहमीच शास्त्राधारापेक्षा दारात घातलेल्या रांगोळीसारखं वाटत आलं आहे. विज्ञानकथेला एक थाप मारायची मुभा असते आणि वाचक ती खुशीने देतो. अट एवढीच, की थापेनंतरचा हिशेब चोख हवा. समजा असं झालं. मग भाकरीचं काय, पाण्याचं काय, कोण गब्बर होईल, कोणाला गाव सोडावं लागेल? 'समजा' म्हणायला काही लागत नाही. सगळी मेहनत 'मग'ची असते. या मालिका 'समजा'चे डोंगर रचतात, आणि 'मग'ची वेळ आली की यानात बसून पसार होतात.

मी सोनगीरचा. धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की मुंबई-आग्रा रस्त्यावर किल्ल्याची टेकडी दिसते ते गाव, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं. आमच्या बाजूला पाऊस बेताचा आणि उन्हाळा लांब. टँकर कधी येणार, हा इथल्या मे महिन्यातला खरा तत्त्वज्ञानाचा प्रश्न. त्यामुळे १९७७च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मध्ये नायक ल्यूकच्या काकाची शेती दिसते, तिथे मी सावरून बसलो. टॅटूइन नावाचा वाळवंटी ग्रह, आकाशात दोन सूर्य, आणि ओवेनकाका यंत्रांचे खांब उभे करून हवेतला ओलावा काढतो. पुतण्याला बाहेर जाऊन शिकायचं आहे. काका म्हणतो, एक हंगाम थांब, सुगीला मला माणूस लागतो. खान्देशातल्या कितीतरी घरांत हा संवाद जूनमध्ये होतो. पूर्ण चित्रपटातला सगळ्यात खरा प्रसंग तो.

आता हिशेब. चाळीस अंश तापमान आणि दहा टक्के आर्द्रता, म्हणजे साधारण आमचा एप्रिल-मे, धरली तर एक घनमीटर हवेत जेमतेम पाच ग्रॅम पाणी असतं. ते थेंब होऊन सुटायला नुसती सुरुवात व्हावी म्हणून ती हवा दोन-तीन अंशांपर्यंत गार करावी लागते. लिटरभर पाण्यासाठी दोनशे घनमीटर हवा पिळायची, आणि तीसुद्धा पार कोरडी होईपर्यंत. एकरभर ज्वारीला हंगामात वीस लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे चाळीस कोटी घनमीटर हवा. जमिनीलगतची हवा जेवढी दाट असते तेवढीच वरपर्यंत आहे असं मानलं, तर त्या एकरावरचा हवेचा खांब शंभर किलोमीटर उंच होईल. अवकाश जिथून सुरू होतं असं धरतात, तिथपर्यंत. तेव्हा ओवेनकाका ज्वारी-बाजरी पिकवत नसणार हे उघड आहे. तो पाणी विकत असेल, किंवा जमिनीखाली थोडा भाजीपाला करत असेल. विकत असेल तर कोणाला, काय भावाने? खांबांसाठी कर्ज कोणाकडून काढलं? शेजाऱ्याने वाऱ्याच्या बाजूला खांब उभे केले, तर काकाकडे येणारी हवा आधीच कोरडी होऊन येईल. त्याचे तंटे कोण सोडवतं? त्या ग्रहावरचा खरा सत्ताधीश जब्बा नावाचा तस्कर नसून पाण्याचा ठेकेदार असायला हवा. आणि दोन सूर्य! आपल्याकडे सूर्य मृगात गेला की पेरणीची घाई, आर्द्रा कोरड्या गेल्या की काळजी. ओवेनकाकाने मृग लागला म्हणायचं ते कोणत्या सूर्याचा? केपलर दुर्बिणीला २०११ साली असा दोन सूर्यांभोवती फिरणारा ग्रह खरोखर सापडला. आकाराने शनीएवढा आणि भलताच थंड. तिथे शेती नाही, पण त्याचे दोन तारे एकेचाळीस दिवसांत एकमेकांना फेरी घालतात. या एका आकड्यातून चांगल्या लेखकाने पंचांग काढलं असतं, सणवार काढले असते.

चित्रपट काय करतो? काका-काकूंना जाळून टाकतो आणि ल्यूकला मोकळं करतो. शेत कोणाच्या नावावर झालं, खांब कोणी उपटून नेले, काही पत्ता नाही. पुढे २०२१ साली आलेल्या 'द बुक ऑफ बोबा फेट' मालिकेत एक पाणीविक्या येतो. भाव इतके चढवलेले, की तरणी पोरं त्याचं पाणी चोरतात. मी पुन्हा सावरून बसलो. नवा दादा बोबा त्याला भाव उतरवायला सांगतो, पोरांना आपल्याकडे नोकरीला ठेवतो आणि विषय मिटतो. टँकरचा प्रश्न असा एका दमात मिटला असता तर खान्देशात इतकी वर्षं निवडणुका कशावर झाल्या असत्या?

हे मी उगाच ताणतो आहे असं वाटेल, म्हणून पांझरेकाठचं सांगतो. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीला बंधारा घालायचा, कालव्याने पाणी काढायचं, भिजणाऱ्या शिवाराचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी पीक फिरवायचं. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, त्यामुळे एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली तर झळ सगळ्यांना बसते, एकट्यावर कोसळत नाही. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा मोबदला बहुधा धान्यात. यंदा पाणी कमी, तर किती भिजवायचं हे बसून ठरवायचं. एका भौतिक अडचणीतून माणसांनी आख्खी समाजरचना उभी केली: जमिनीची वाटणी, पिकांचा क्रम, पगार, पंचायत, भांडणाची रीतसुद्धा. विज्ञानकथा म्हणतात ती हीच गोष्ट, फक्त ती आधीच घडून गेलेली आहे. 'स्टार वॉर्स'च्या सिनेटमध्ये हजारो ग्रहांचे प्रतिनिधी गोल सज्जांत बसून व्यापारमार्गांवरच्या करांबद्दल भांडतात, आणि कर कशावर, किती, कोणाच्या खिशातून, हे तीन चित्रपट बघूनही कळत नाही. अहिराणीत एवढंच विचारावंसं वाटतं: भाऊ, पानीनं काय?

पाण्याचा हा प्रश्न अमेरिकन लेखकांना सुचत नाही असं मात्र कोणी समजू नये. फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' १९६५ची, म्हणजे 'स्टार वॉर्स'च्या बारा वर्षं आधीची. तोही वाळवंटी ग्रह. तिथली माणसं अंगाचा घाम-मूत्र गाळून परत पिण्याजोगं करणारे पोशाख घालतात, मेलेल्या माणसाचं पाणी टोळीच्या साठ्यात जमा करतात, आणि थुंकणं हा तिथे आदर असतो, कारण माणूस आपलं पाणी देतो. पुढे तर हर्बर्ट आणखी गोत्यात शिरतो. वाळवंट हिरवं करायचं ठरलं, तर ज्या महाकाय किड्यांमुळे तो ग्रह श्रीमंत आहे ते पाण्याने मरतील. भलं करायला जावं तर गावाचं पोटच जातं. दुसऱ्या पुस्तकात, १९६९ साली, त्याने आपल्याच तारणहार नायकाच्या नावावर पडलेली प्रेतं मोजली. वाचकांना ते फारसं रुचलं नव्हतं म्हणतात. मला तर तिथेच हर्बर्टबद्दल आदर वाटायला लागला. आता २०२१ आणि २०२४च्या भव्य चित्रपटांनंतर 'ड्यून'चीही मालिका झाली आहे आणि मला धास्ती आहे. पण हर्बर्टचं पुस्तक कपाटात आहे, ते कोणी काढून नेत नाही.

मग 'स्टार वॉर्स'वाल्यांना 'मग' का झेपत नाही? ते बुद्धू आहेत म्हणून नक्कीच नाही. हिशेब पुरा झाला की जग बदलतं, आणि जग बदललं की गोष्ट संपते. मालिकेला संपणं परवडत नाही. आल्डेरान हा ग्रह पहिल्या चित्रपटात फुटतो. लेआ तिथली राजकन्या. आईबाप, गाव, भाषा, सगळं तिच्या डोळ्यांदेखत गेलं. थोड्याच वेळात तीच लेआ ल्यूकच्या खांद्यावर शाल टाकून त्याचं सांत्वन करते, कारण त्याचा नुकताच ओळखीचा झालेला म्हातारा गुरू मेला. तिथे तिच्या ग्रहाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. लेखक निर्दय होता असं मी म्हणणार नाही. शोक करत बसलं तर शेवटच्या लढाईला उशीर होतो, आणि शेवटच्या लढाईनंतर पुढची शेवटची लढाई आहे.

या धंद्याचं गणित मात्र चोख आहे, ते मान्य करायला हवं. जॉर्ज लुकसने दिग्दर्शनाचे पैसे कमी घेतले आणि खेळण्या-कपड्यांचे हक्क स्वतःकडे ठेवले. १९७७च्या नाताळला बाहुल्या तयार झाल्या नव्हत्या, तर केनर कंपनीने पुठ्ठ्याचं एक पाकीट विकलं. आत बाहुल्या पुढे मिळतील याचं प्रमाणपत्र. लोकांनी घेतलं. २०१२ साली डिस्नेने लुकसची कंपनी सुमारे चार अब्ज डॉलरला घेतली. एवढे पैसे मोजून घेतलेल्या विश्वात काही कायमचं बिघडू देणं हे मालकाच्या दृष्टीने नुकसान आहे. म्हणून तीस वर्षांपूर्वी हरवलेलं साम्राज्य नवं नाव घेऊन परत येतं, फुटलेला गोळा आणखी मोठा होऊन परत येतो, मेलेला सम्राट परत येतो. तो कसा परत आला हे सांगायचीही तसदी कोणी घेत नाही.

'स्टार ट्रेक'ला याच टोपलीत टाकावं का, यावर माझं स्वतःशीच भांडण आहे. १९६६ ते १९६९ची मूळ मालिका, जी आपण ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिली, ती पुठ्ठ्याच्या खडकांत आणि रंगवलेल्या आकाशाखाली घडायची. पण थिओडोर स्टर्जन, रिचर्ड मॅथेसन, हार्लन एलिसन यांच्यासारखे कसलेले कथाकार तिच्यासाठी लिहीत होते, आणि दर आठवड्याला एक नवा 'समजा' येऊन पाऊण-एक तासात त्याचा निकाल लागायचा. कॅप्टन कर्क पुढच्या भागात कोरा करकरीत हजर, ही अडचण होतीच. तरी तो ग्रह, ती माणसं मागे राहायची आणि डोक्यात घोळत राहायची. 'स्टार ट्रेक'चं बिघडलं ते पुढे, ती स्वतःच्याच आठवणींवर जगायला लागली तेव्हा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो भारी आहे. आपण मराठी माणसांनी 'पुन्हा तेच' म्हणून नाक मुरडावं? कीर्तनात तेच आख्यान, सप्ताहात तीच पोथी, लंकादहन दरवर्षी, आणि शेवट ठाऊक असूनही मांडव भरलेला. लुकसने जोसेफ कॅम्बेलचं मिथकांवरचं पुस्तक वाचून आपल्या नायकाचा प्रवास बेतला हे जगजाहीर आहे. मग 'स्टार वॉर्स'ला विज्ञानकथा न म्हणता पुराण म्हणा आणि निवांत बघा, असं मला पुष्कळांनी सुचवलं. करून पाहिलं. जमत नाही, कारण पुराणाला मालक नसतो. रामाची गोष्ट वाल्मीकीने सांगितली, एकनाथांनी मराठीत आपल्या परीने सांगितली, जात्यावर बायकांनी सीतेच्या बाजूने सांगितली आणि रामाला दोन शब्द सुनावले. कोणी कोणाची परवानगी काढली नाही. हजार तोंडांतून गेल्यामुळे ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगूनही झिजत नाही. प्रत्येकजण आपला हिशेब तिच्यात घालत जातो. लव-कुश हा सीतेच्या बाजूचा 'मग'च आहे. या मालिकांत सांगण्याचा अधिकार एका कचेरीत आहे. चाहत्याने काय करायचं? विकत घ्यायचं, आणि आपापसांत भांडायचं.

मालकी झुगारली तर काय होतं ते पाहायला आम्हाला फार लांब जावं लागत नाही. आग्रा रस्त्यानेच धुळ्याच्या खाली मालेगाव. तिथे नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, आणि पुढे थेट क्रिप्टन ग्रहावरचा माणूसच गावात उतरवला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात त्याची कूळकथा आहे. सुपरमॅन झाला होता शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत तरुण. क्रेन म्हणून बैलगाडी, उडण्यासाठी हिरवा पडदा. हा सुपरमॅन मालेगावच्या हवेत दमतो, आणि त्याची लढाई तंबाखूशी, घाणीशी आहे. विनोद म्हणून सगळे हसतात, मीही हसलो. पण नीट पाहा: १९३८ साली अमेरिकेत जन्मलेल्या त्या परग्रहवासीयाला विज्ञानकथेचा रास्त प्रश्न इथे विचारला गेला. समजा तो आमच्याकडे पडला, मग? मग त्याला इथलीच हवा छातीत घ्यावी लागेल. कोट्यवधी डॉलरच्या चित्रपटांत त्याच्या फुफ्फुसांचा विचार कोणी केला होता?

अवकाशाच्या खऱ्या गोष्टीशी ताडून पाहिलं की या मालिका आणखी फिक्या पडतात. 'स्टार वॉर्स' प्रदर्शित झाला २५ मे १९७७ला, आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ निघालं. डिस्नेचा सौदा २०१२च्या ऑक्टोबरातला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हॉयेजर सूर्याच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं. दोघं जुळे भाऊ असल्यासारखे शेजारी शेजारी वाढले. एक भाऊ आकाशगंगेच्या या टोकापासून त्या टोकाला संवाद संपायच्या आत पोचतो. दुसरा सेकंदाला सतरा किलोमीटर धावतो. त्या वेगाने सगळ्यांत जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायला पंचाहत्तर हजार वर्षं लागतील. त्याच्यावरच्या सोनेरी तबकडीत पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यान सुटलं आणि अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. २०२३च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर-१ अर्थहीन बडबड पाठवू लागलं, कारण त्याच्या स्मृतीतली एक चिप निकामी झाली होती. निरोप जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. अभियंत्यांनी सत्तरच्या दशकातली कागदपत्रं उलगडली आणि त्या बिघडलेल्या कोपऱ्यातला प्रोग्राम तुकडे करून दुसरीकडच्या मोकळ्या जागांत बसवला. तिथली सगळी स्मृती मिळून सत्तर किलोबाइटच्या आत. एप्रिल २०२४मध्ये यान पुन्हा शुद्धीवर आलं. एक प्रश्न आणि एक उत्तर यांत जवळजवळ दोन दिवस: या एका अडचणीत केवढी नाट्यं दडलेली आहेत! अंतर हे अवकाशकथेचं भांडवल आहे. प्रकाशापेक्षा वेगाने उडी मारणारं यान ते भांडवल पहिल्याच दृश्यात उधळून टाकतं आणि विश्वाचं धुळे-सोनगीर करून ठेवतं.

एवढं बोलल्यावर मराठी विज्ञानकथेने माझं समाधान केलं का, हे विचारणं रास्त आहे. काही अंशी केलं. १९७४ साली नारायण विनायक जगताप या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा आली, पहिली ठरली, आणि आद्याक्षरं उलटी वाचली की लेखक कळतो. नारळीकर २०२५च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या कथा संपतात, ही मला त्यांची सगळ्यात मोठी देणगी वाटते. 'धूमकेतू'मध्ये पृथ्वीवर येऊ घातलेलं संकट शास्त्रज्ञ निस्तरत असतात आणि इकडे घरात शांतीच्या होमाची तयारी. तो विरोधाभास टोचतो आणि पडदा पडतो. तो धूमकेतू ज्यांना सापडला ते गृहस्थ दुसरा शोधायला परत येत नाहीत. निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, लक्ष्मण लोंढे यांच्या चांगल्या कथाही अशाच एका 'समजा'ची किंमत वसूल करून थांबतात.

मात्र आमच्या घरातली धूळही दाखवतो. मराठी विज्ञानकथेत अजून एक प्राध्यापक असतो, त्याचा एक बिनडोक मित्र असतो, आणि पहिला दुसऱ्याला पाच पानं समजावून सांगतो. बाई आली तर चहा घेऊन येते. शोध लागतो पुण्यात, हाहाकार उडतो मुंबईत, आणि त्यापलीकडचा महाराष्ट्र बहुधा परिणाम भोगायलासुद्धा निवडला जात नाही. सोनगीरच्या तांबटाचा हात भांड्याच्या पत्र्यावर फिरून जाडी ओळखतो. तसा हात असलेला माणूस अवकाशस्थानकात का नसावा? यानांची डागडुजी कोण करतं? या एका बाबतीत 'स्टार वॉर्स' आमच्यापुढे आहे, हे नाइलाजाने लिहितो: त्यातली यानं पोचे गेलेली, मळकी आणि सतत बिघडणारी आहेत. 'अँडॉर' या २०२२च्या मालिकेने तर भंगार फोडणारी वस्ती, कैद्यांकडून करून घेतलेलं काम, कारकुनांची चढाओढ दाखवली, आणि त्यांत जादूची तलवार बाहेरच निघाली नाही. मालक झोपेत असताना लेखकांनी लिहून घेतली असावी.

जुन्या माणसांना हिशेबाची लाज नव्हती. ज्यूल व्हर्नने १८६५ साली तोफेतून माणसं चंद्राकडे उडवली. ती धक्क्यानेच चिरडली असती, ही झाली थाप. पण त्या तोफेसाठी कोणत्या देशाने किती वर्गणी दिली याची आकडेवारी त्याने कादंबरीत घातली, आणि इंग्लंडने दमडी दिली नाही हेही न विसरता लिहिलं. मराठी वाचकाने अवकाशप्रवासाची गोष्ट पहिल्यांदा वाचली ती व्हर्नचीच, १९००च्या सुमारास, 'केरळ कोकिळ' मासिकात. आमच्याकडे त्याहून सात शतकं जुना एक दाखला आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याचा शके ११२८चा शिलालेख आहे. वर संस्कृतात विद्वान घराण्याची कीर्ती. खाली मराठीत, मठाचा खर्च कशातून चालायचा ते: पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचा हक्क, तेलाच्या घाण्याकडून यायचं तेल. ग्रहांचं गणित करणाऱ्यांच्या दिव्यात तेल कोण घालतो हे दगडात कोरून ठेवलं आहे.

मला वाचायची आहे ती गोष्ट अशी. मंगळावर बर्फ वितळवून पाणी काढणारी एक वस्ती, तीन फड, एक पाटकरी बाई. वस्तीच्या वेधशाळेला दर हंगामाला पाण्याचा ठरलेला वाटा, कारण धुळीच्या वादळाचा इशारा तीच देते. दोन वर्षं वादळ आलेलं नाही आणि यंदा बर्फ खोल गेला आहे. वाटा तोडायचा का, यासाठी बैठक बसते. पाटकरी बाईचा पोरगा वेधशाळेत शिकतो, म्हणून तिच्या मतावर कोणाचा भरवसा नाही. सत्तर-ऐंशी पानांत हे आटपेल. दुसरा भाग निघणार नाही, कारण ठराव कोणत्याही बाजूने झाला तरी त्यानंतर ती वस्ती आधीसारखी राहत नाही.